ऊन लागलेला बर्फ

त्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यालाच पागोळ्या लागल्या. छपरावरचा बर्फ आतल्या आत वितळत होता आणि दिवसभर घराभोवती थेंबांची झालर हलत होती. मी समुद्रकाठची. वारा कोमट झाला की होड्या पाण्यात ढकलायच्या, एवढंच मला ठाऊक. मी दारं सताड उघडली, गाद्या कठड्यावर उन्हात टाकल्या आणि नणंदेला म्हणाले, "वन्सं, वसंत आला बघा."

कियोनो मागावर बसली होती. पाय लांब केलेले, मागाचा पट्टा कमरेला आवळलेला. मान वर न करता ती म्हणाली, "वसंत नव्हे तो. दार लाव, सूत वाळतंय."

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमच्या गावात, सावातारीत, तेव्हा एकोणीस घरं होती आणि हिवाळ्याचे पाच महिने त्या घरांत धडधाकट पुरुष औषधालाही सापडत नसे. भातकापणी उरकली की सगळे साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यांत कामाला जात, ते एप्रिलच्या शेवटी परत येत. माझा नवरा शुनसाकूही गेला होता. घरात मी आणि त्याची थोरली बहीण, दोघीच. ती त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी अधू, आणि बोलायला लागली की मिरची. माझ्या हातचं मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, सार प्यायली की म्हणायची, "कोळिणीला मिठाचा अंदाज कशाला असेल, आख्खा समुद्र दारात." मी खाली मान घालून भांडी घासायची.

पण विणायला बसली की तिच्याकडे बघत राहावं. आमच्याकडचं कापड झाडाच्या सालीचं. साल नखाने केसाएवढी बारीक चिरायची, टोकाला टोक जोडत सूत करायचं. हवा जरा कोरडी झाली की ते तुटतं, म्हणून बर्फाच्या दिवसांतच विणायचं, ओल्या गारठ्यात. त्या मागावरचं कापड कियोनोने सलग दोन हिवाळे विणलं होतं. बोटांवर धरलं तर आरपार बोटांच्या रेषा दिसत. पागोळ्या लागल्या त्या आठवड्यात ते पुरं झालं.

आता राहिलं होतं ते बर्फावर टाकणं. राखेच्या पाण्यात भिजवलेलं कापड स्वच्छ बर्फावर पसरायचं. वरून ऊन, खालून बर्फाची वाफ. आठ-दहा दिवसांत सालीचा पिवळेपणा निघून जातो आणि कापड आतून उजळतं. हे काम गावातल्या सगळ्या विणकरणी मिळून करत, आणि त्यात शब्द चालायचा तात्सुनोआजीचा. सत्तरी ओलांडलेली, काटक, गावात सगळ्यांत जास्त कापडं तिच्या हाताखालून गेलेली. दर वर्षी नदीकाठच्या पटांगणात कापडं पडत. पण त्या हिवाळ्यात बर्फच कमी, त्यात हा उबारा. नदीकाठी बर्फाला भोकं पडून चिखल वर आला होता. तात्सुनोआजीने ठरवलं की या वर्षी वरच्या माळावर जायचं, नागानेच्या पायथ्याशी. तिथे अजून पुरुषभर बर्फ होता, तांदळाच्या पिठासारखा.

नागाने म्हणजे गावामागचा लांबलचक उतार. वर झाडं नाहीत, नुसता कमरेएवढा रानबांबू.

कियोनोने सांगून पाहिलं. नागानेखाली नको, अशा हवेत तर नकोच. तात्सुनोआजीने तिचं ऐकून घेतलं आणि मग बाकीच्या बायकांकडे बघत म्हणाली की असं ऊन पाच वर्षांत एकदा पडतं, आणि कियोनोचं काय, तिला प्रत्येक उबदार हिवाळ्यात डोंगर अंगावर येतोय असं वाटतं. कुणी हसलं नाही, पण कुणी कियोनोची बाजूही घेतली नाही.

घरी येऊन तिने कापडाची गुंडाळी पेटीत ठेवली. आपलं पुढच्या वर्षी टाकू, म्हणाली. मला ते पटेना. वर्षभर ठेवलं की पिवळा रंग बसतो, मग कितीही ऊन दाखवा, जात नाही, असं तिनेच मला सांगितलेलं. मी म्हटलं मी नेते, तुमच्या गुडघ्यांना त्रास नको. खरं सांगायचं तर मला ते कापड खांद्यावरून मिरवत न्यायचं होतं. माळावर जाऊन सगळ्यांसमोर उलगडायचं होतं. दोन दिवस मी तिच्या मागे भुणभुण लावली. शेवटी तिने पेटी उघडली.

"ने. पण मी उठ म्हणेन तेव्हा उठायचं," ती म्हणाली. "का म्हणून विचारायचं नाही."

मी बरं म्हटलं.

त्या माळावरचे पहिले दोन दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. सकाळी धुकं बर्फातूनच उगवायचं, गुडघ्यापर्यंत यायचं, आणि आम्ही नऊ-दहा बायका पाय रुतू नयेत म्हणून वेताच्या चकत्या बांधून त्या धुक्यातून चालायचो तेव्हा कुणाला पाय आहेत असं वाटायचं नाही. मग ऊन चढायचं. कापडं एकाशेजारी एक उलगडत जायची. पांढरी, फिकट निळी, राखाडी, एकेक पंचवीस-तीस हात लांब. वरून बघितलं असतं तर दहा ओढे शेजारी शेजारी वाहताहेत आणि कुठेच पोचत नाहीत असं दिसलं असतं. मी नवखी, म्हणून मला सगळ्यांत पलीकडची, चढाकडची जागा मिळाली होती. कियोनोचं कापड तिथे पसरून मी त्याच्याकडे बघत बसले. कापड कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळेना.

दुपारी भाताचे गोळे आणि खारवलेला पाला खाऊन सगळ्या टोप्या तोंडावर ओढून आडव्या व्हायच्या. उन्हाने बर्फ कुजबुजत असतो. हे मला तिथे कळलं. आत कुठेतरी पाणी सरकत असतं, बारीक बारीक. मी डोळे मिटले की वडिलांची होडी बर्फावरून हलकेच घसरत यायची, शिडाची सावली माझ्या अंगावर पडायची, आणि मी इतकी सुखात असायचे की हाक आली तरी उठू नये असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी अशीच अर्धवट झोपेत मी वर पाहिलं तेव्हा नागानेच्या पोटावर एक हिरवी रेघ दिसली. आडवी, बारीक, भुवईसारखी. आदल्या दिवशी ती नव्हती. मला वाटलं, बघा, डोंगर हिरवा व्हायला लागला. रेघेखालचा बर्फही वेगळा दिसत होता, मऊ मऊ वळ्या पडल्यासारखा. छान दिसत होतं सगळं.

घरी येताना वाटेत तात्सुनोआजी माझ्याबरोबर होती. मी सहज विचारलं की वन्संना डोंगराची एवढी धास्ती का. ती चालता चालता थांबली. तुला घरात कुणी सांगितलं नाही का, म्हणाली. मग तिने सांगितलं. कियोनोचं लग्न दरीच्या वरच्या अंगाला ताकिगाशिरात झालं होतं. सहाव्या वर्षी अशाच कोमट दिवसांत ती झऱ्यावर पाण्याला गेली. भरली बादली घेऊन वळण चढून आली तर घर नव्हतं. नवरा, सासू-सासरे, चार वर्षांची मुलगी. बर्फ जिथे थांबला होता तिथे ती बादली घेऊन उभी राहिली होती. माणसं धावत आली तेव्हा तिच्या बादलीतलं पाणी थेंबभरही सांडलेलं नव्हतं, म्हणतात.

"मी तिला टोचून बोलते ते मला कळतं ग," तात्सुनोआजी म्हणाली. "पण तिचं ऐकत बसलो तर हिवाळाभर कुणी दाराबाहेर पडायचं नाही."

मी घरी आले. कियोनो ओटीवर बसून नागानेकडेच बघत होती. आमच्या ओटीवरून डोंगराचा नुसता माथा दिसतो, मधला भाग देवदारांआड जातो. तिने माझे ओले पायमोजे काढून शेगडीवर वाळत टाकले. हे तिने कधी केलं नव्हतं, म्हणून मी घाबरले. मग तिने विचारलं, "वर काही दिसलं?"

मी म्हटलं, काही नाही, हिरवी रेघ दिसली, सुंदर दिसत होती.

मग तिने शांतपणे मला समजावलं. एवढ्या शांतपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. बर्फ पडला की रानबांबू त्याच्या वजनाने आडवा होतो आणि हिवाळाभर जमिनीला चिकटून राहतो. तो जर उभा दिसला तर त्याच्यावरचं वजन खाली सरकलंय. रेघ म्हणजे आख्खा थर जमिनीपासून सुटून घसरायला लागलाय, आणि खालच्या वळ्या म्हणजे तो खाली जाऊन दाटतोय. कापड ढकललं की चुण्या पडतात तशा.

"कधी येईल?" मी विचारलं.

"ते त्यालाही ठाऊक नसतं. उद्या मी येते."

सकाळी रिमझिम पाऊस होऊन गेला होता आणि दक्षिणेकडून ओला वारा सुटला होता. कियोनोने गुडघ्यांना फडकी बांधली, गवताचे बूट चढवले, बर्फाचं फावडं काठीसारखं धरलं आणि माझ्यामागून चढायला लागली. दर वीस पावलांवर थांबत होती. माळावर पोचलो तेव्हा बाकीच्या आधीच पोचल्या होत्या आणि कापडांवर पाणी शिंपडत होत्या. कियोनोने एक बांबूची काडी डोळ्यासमोर आडवी धरून डोंगरावरची रेघ मापली आणि अंगठ्याच्या नखाने काडीवर खूण केली. मग बसली. घटकाभराने पुन्हा काडी धरली. रेघ आता भुवईएवढी राहिली नव्हती. तोंड उघडल्यासारखी दिसत होती, आत काळं-हिरवं. दोन-चार बर्फाचे गोळे वरून गडगडत आले आणि कापडांच्या थोडं वरच थांबले, मुलांनी खेळून टाकल्यासारखे.

ती तात्सुनोआजीकडे गेली आणि काडी तिच्या हातात दिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तात्सुनोआजीने काडी धरून पाहिली, दोनदा पाहिली. मग तिने टोपी मागे सारली आणि सगळ्यांना हाताने खूण केली, उचला.

आमच्याकडे नागानेखाली मोठ्याने बोलत नाहीत. आवाजाने बर्फ सुटत नाही असं आता मास्तर लोक सांगतात. सुटत नसेलही. पण त्या दिवशी दहा बायका एक शब्दही न बोलता भिजलेली कापडं गुंडाळत होत्या, पाठीवर टाकत होत्या आणि एकामागे एक उतरत होत्या, आणि एवढ्या माणसांत एवढी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. धुकं परत जमलं होतं. एकेक पाठ त्यात शिरत होती आणि पुसली जात होती.

माझं कापड सगळ्यांत लांब, चढाकडे. कियोनोने मला बाहीला धरून वाटेकडे वळवलं होतं. पण मी मागे पाहिलं, आणि ते तिथे पडलेलं दिसलं. दोन हिवाळे. मीच हट्टाने आणलेलं. ते गेलं तर या घरात जन्मभर मान वर करता येणार नाही, असं माझ्या मनात आलं. तिचा हात सोडवून मी पळाले.

कापडाच्या टोकाशी पोचून मी गुंडाळायला लागले. भिजलेलं कापड जड असतं. अर्धं गुंडाळून झालं असेल तेव्हा मला आवाज ऐकू आला. तो वरून आला नाही, पायांखालून आला. लांबचा, खोल, दमाने येणारा. वाळूवर लाट येऊन मागे जाते तेव्हा गोटे एकमेकांवर घासतात, अगदी तसा. दीड वर्षात मी तो ऐकला नव्हता. खोटं का सांगू, मला पळावंसं वाटलं नाही. कापड छातीशी धरून मी उभी राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. अंगात ऊब भरत गेली. धुक्याच्या पलीकडे आमचा किनारा आहे, आता कुणीतरी हाक मारेल, असं मला खरंच वाटत होतं.

तेवढ्यात कियोनो माझ्यासमोर आली. त्या गुडघ्यांनी ती एवढं अंतर कशी आली, देव जाणे. चेहरा पांढराफटक, ओठ निळे.

"टाक ते," ती म्हणाली.

"वन्सं, तुमचं..."

"टाक. उठ म्हटलं की उठायचं ठरलंय आपलं."

मी कापड सोडलं. हातांतून एकदम वजन गेलं आणि मी जागी झाले. डावीकडे साठ-सत्तर पावलांवर खडकाची सोंड निघाली होती, त्यावर जुने देवदार. तिकडे निघालो. दहा पावलं गेलो असू, तिचा गुडघा वळला आणि ती बर्फात बसली. मला म्हणाली, जा. बस एवढंच. रागाने नाही, रोज मला चहा ओत म्हणायची तशा सुरात.

बाराव्या वर्षापासून मी माशांच्या पाट्या पाठीवर घेऊन चढणी चढलेली. मी तिच्यासमोर पाठ करून बसले, तिचे हात माझ्या गळ्यात घेतले आणि उठले. ती भिजलेल्या कापडाएवढीही जड नव्हती. कानाशी तिचा श्वास होता आणि ती पावलं मोजत होती. एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस. माझ्यासाठी मोजत होती की स्वतःसाठी, ते मी कधी विचारलं नाही. सत्तावन्न झाली तेव्हा हाताला झाडाची साल लागली.

आम्ही झाडामागे पडलो आणि उतार सुटला. लोकांना वाटतं बर्फ धाडकन येतो. तो तसा आला नाही. आधी आख्खा डोंगर पांघरूण ओढून घेतल्यासारखा हलला, सावकाश, घडी न मोडता. मग घड्या मोडल्या. माती, दगड, मुळांसकट बांबू, आणि माणसाएवढे बर्फाचे तुकडे, सगळं आमच्यासमोरून निघून गेलं. वारा एवढा की देवदार वाकून आमच्यावर टेकले. मी डोळे मिटले नाहीत. कियोनोचं कापड पसरलेलं होतं तिथे क्षणभर ते वर उचललेलं दिसलं, लाटेच्या माथ्यावरच्या फेसासारखं लांब, पांढरं. मग ते आत गेलं.

नंतर फक्त धुकं आणि ओल्या मातीचा वास. भर हिवाळ्यात मातीचा वास.

कियोनो झाडाला टेकून बसली होती. ती रडत होती, पण आवाज नव्हता आणि चेहराही हलत नव्हता. मी म्हटलं, "वन्सं, मला माफ करा. कापड..."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. मग गुडघ्याचं फडकं आवळत म्हणाली, "कापड परत विणता येतं." आणि माझा हात स्वतःच्या कुशीत घेऊन ती तिथेच झोपी गेली. भर दुपारी, ओल्या अंगाने, लहान मुलासारखी. मी तिला उठवलं नाही. धुक्यातून तात्सुनोआजी आमची नावं घेत आली, मोठमोठ्याने, सगळे नियम मोडून, तेव्हाच तिला जाग आली. तात्सुनोआजीने आम्हा दोघींना चाचपून पाहिलं आणि मग कियोनोसमोर गुडघे टेकून कपाळ बर्फाला लावलं. कियोनोला ते आवडलं नाही. उठा, थंडी बाधेल, असं ती म्हणत राहिली.

गावात कुणाला काही झालं नाही. बर्फ माळ ओलांडून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबला होता. कापड जूनमध्ये सापडलं, चार तुकडे, बांबूच्या मुळांत गुरफटलेले. त्यातला एकच धुवून वापरण्याजोगा होता. कियोनोने त्याची पाळण्यावर टाकायची मच्छरदाणी शिवली, कारण तोवर मला दिवस गेल्याचं कळलं होतं. पण हे पुढचं.

त्याआधी, एप्रिलच्या शेवटी, शुनसाकू परत आला. अंगाला साकेचा वास, हातात माझ्यासाठी कंगवा. ताटावर बसल्यावर त्याने विचारलं, हिवाळा कसा गेला. मी सांगायला तोंड उघडलं तर कियोनोच बोलली.

"तुझी बायको नागानेशी गप्पा मारत उभी होती. मला जाऊन आणावं लागलं."

"आणि वन्संना मी पाठीवर घेऊन आले," मी म्हटलं. माझ्या सासरी मी पहिल्यांदाच मध्ये बोलले असेन.

"पाठीवर घेऊन आली, खरंय," कियोनो म्हणाली. "माशांची पाटी समजून. हादरे देत."

शुनसाकू आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग उठला आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायला वर गेला. बाकीच्या डोंगरावर अजून गुडघाभर बर्फ होता. तो परत आला तेव्हा त्याच्या टोपीत रानभाजीचे हिरवे, घट्ट कोंब होते. दर वर्षी मे उजाडल्याशिवाय ते डोकं वर काढत नाहीत. उतार खरवडून निघालाय, तो म्हणाला, नुसती काळी जमीन, आणि तिच्यावर हे, जिथे बघावं तिथे हे.

कियोनोने कोंब धुतले, बारीक चिरले, मिसोत परतले. कडू लागतात ते, जिभेच्या मुळापर्यंत कडू. गरम भाताबरोबर आम्ही तिघांनी ते खाल्ले. तिने माझ्या वाडग्यात आणखी एक चमचा वाढला आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे का ग?"